चाकणला स्टेशन नाही : तिकिटांवरून स्थलांतर मोजणाऱ्या एका अहवालाबद्दल

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांचा मला हमखास येणारा प्रश्न असा असतो : "दादा, लाखो-कोटी नोंदींचा डेटा घेऊन समाजावर काहीतरी करायचंय. टॉपिक सुचवा." टॉपिक मी सुचवत नाही. एक अहवाल वाचायला सांगतो, आणि वाचून झाला की त्यात चाकण शोधायला सांगतो.

अहवाल तुम्हाला सहज मिळेल. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेला हा वर्किंग पेपर आहे. बिबेक देबरॉय आणि देवी प्रसाद मिश्रा हे त्याचे लेखक, नाव '४०० मिलियन ड्रीम्स!'. देशांतर्गत स्थलांतर किती आहे आणि कुठून कुठे आहे, हे त्यांनी तीन मोठ्या डेटासेटवरून काढायचा प्रयत्न केलाय : रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांचा डेटा, ट्रायकडचा मोबाईल रोमिंगचा डेटा आणि जिल्हावार बँकिंगचा डेटा. निष्कर्ष असा की भारतातलं स्थलांतर मंदावतंय. २०११च्या जनगणनेत ४५ कोटी ५८ लाखांच्या आसपास स्थलांतरित होते. अहवालाच्या अंदाजाने २०२३ साली ते ४०,२०,९०,३९६ झाले, म्हणजे ११.७८ टक्क्यांनी कमी. लोकसंख्येतला त्यांचा वाटा ३७.६४ टक्क्यांवरून २८.८८ टक्क्यांवर आला. कारण म्हणून लेखक सुचवतात की लोकांना आता गावाजवळच शिक्षण, आरोग्य, रस्ते आणि कामधंदा मिळू लागला असावा.

पेपरांत बातमी आली ती एवढीच. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही ती वाचून थोडं थबकायला होतं. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत शेतकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा, कॉट बेसिसवर राहणारी पोरं, सकाळी शिफ्टच्या वेळी तळेगाव चौकात तुंबलेल्या कंपनीच्या बसेस हे सगळं डोळ्यांसमोर असताना "स्थलांतर घटतंय" हे पटत नाही. पण थांबा. "माझ्या डोळ्यांना तसं दिसत नाही" हा संशोधनात युक्तिवाद होत नाही. माझे डोळे म्हणजे एक सॅम्पल, तेही सोयीचं. अहवाल चुकलाय असं म्हणायचं असेल तर तो कुठल्या पायरीवर चुकलाय हे दाखवावं लागेल. या लेखात तेवढंच करायचंय.

आधी श्रेय देऊन टाकू. २०२१ची जनगणना झाली नाही. पुढची आता १ मार्च २०२७ या संदर्भ-तारखेने व्हायची आहे. म्हणजे सोळा वर्षं आपण २०११च्या आकड्यांवर देश चालवतोय. अशा वेळी "सरकारकडे पडून असलेला दुसरा डेटा वापरून काही कळतं का बघू" असं म्हणणं ही धाडसाची आणि उपयोगाची गोष्ट आहे. तिकिटांचा डेटा महिन्या-महिन्याचा मिळतो. त्यातून एप्रिल ते जून हा प्रवासाचा मोठा हंगाम दिसतो, कुठल्या जिल्ह्यातून कुठल्या जिल्ह्यात वर्दळ आहे ते दिसतं. जनगणनेला हे कधीच जमणार नाही. त्यामुळे हा अहवाल फेकून द्यायचा नाही. त्यातलं काय ठेवायचं आणि काय नाही, एवढंच ठरवायचंय.

तीच तिकिटं, आधीचा निष्कर्ष

रेल्वेची तिकिटं मोजून स्थलांतर काढण्याची ही पहिली वेळ नाही. २०१६-१७च्या आर्थिक पाहणीत, अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना, स्थलांतरावर एक पूर्ण प्रकरण होतं. त्यातही अनारक्षित तिकिटांचाच डेटा होता. युक्तिवाद असा की अनारक्षित डब्यातून प्रवास करतो तो बहुधा कामासाठी निघालेला गरीब माणूस. दोन्ही दिशांच्या प्रवाशांमधला फरक घेतला की नुसते जाऊन-येऊन असणारे गळून पडतात, आणि उरतो तो स्थलांतराचा अंदाज. त्यावरून २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सुमारे ९० लाख लोक कामासाठी राज्य ओलांडत होते असा आकडा आला. आधी समजलं जात होतं त्याहून हे स्थलांतर बरंच जास्त आहे, असा त्या प्रकरणाचा सूर होता.

म्हणजे तिकिटांच्या त्याच खिडकीतून २०१७ साली दिसलं की माणसं वाटतं त्याहून जास्त हलताहेत, आणि २०२४ साली दिसलं की हालचाल मंदावली. यात विरोध असलाच पाहिजे असं नाही. काळ वेगळा आहे, मोजलेली गोष्टही वेगळी आहे : एक दरवर्षी वाहणारा आकडा, दुसरा एकूण साठलेला. पण एकाच साधनातून दोन इतक्या वेगळ्या गोष्टी वाचल्या जातात तेव्हा साधनाकडे जरा निरखून बघायला हवं.

ओळ जन्मते कुठे?

मी मूळचा फिजिक्सवाला. लॅबमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट म्हणजे रीडिंग घेण्याआधी यंत्र समजून घ्या. समाजाच्या डेटाला हाच नियम लावला तर प्रश्न होतो : या टेबलातली एक ओळ कुठे, केव्हा, कुणाच्या हाताने जन्मते?

अनारक्षित तिकिटाची ओळ खिडकीवर, मशीनवर किंवा मोबाईल ॲपवर जन्मते. त्या तिकिटावर नाव नसतं, वय नसतं, कशासाठी चाललाय ते नसतं. कुठून, कुठे, किती जण आणि केव्हा, एवढंच असतं. गोरखपूरहून चाकणच्या कारखान्यात यायला निघालेला मुलगा, सासरी निघालेली बाई आणि परीक्षेला निघालेला उमेदवार या तिघांच्या ओळी डेटात हुबेहूब सारख्या दिसतात.

आता चाकण शोधा. सापडणार नाही, कारण चाकणला रेल्वे स्टेशनच नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे वाहनउद्योग वाढला. बजाज आली, मग मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा आले, त्यांच्या मागे शेकडो लहान-मोठे पुरवठादार आले. रेल्वे मात्र आली नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा आमच्या लहानपणापासून आहे. मधल्या आराखड्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा अडथळा निघाला आणि मार्गच बदलायची वेळ आली. तर उत्तरेकडून येणाऱ्याचं तिकीट पुण्याचं निघतं. डेटात तो 'पुणे' म्हणून उतरतो आणि तिथेच संपतो. तिथून तो चाकणला गेला, रांजणगावला गेला की हडपसरला, हे ओळीला माहीत नाही.

हा उत्तरेकडून आलेला माणूस निदान अर्धा तरी दिसतो. मराठवाड्यातून आलेला तर बऱ्याचदा दिसतच नाही. कधी पहाटे पाचला नाशिक फाट्यावर उभे राहून बघा. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडून रात्रभर चाललेल्या ट्रॅव्हल्स एकामागून एक थांबतात, सॅक आणि पत्र्याची पेटी घेतलेली पोरं उतरतात आणि भोसरी-चाकणच्या दिशेने रिक्षा बघतात. काही गाड्या नगर रस्त्याने येऊन शिक्रापूरमार्गे परस्पर चाकणलाच जातात. एकाला मी विचारलं होतं, रेल्वेने का नाही आलास? तो म्हणाला, "रेल्वे सोडती पुण्याला, तिथून पुन्हा दोन गाड्या बदला. आन् गावापासून स्टेशन बी लांबच की, दादा. ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला की सीट ठेवतंय." उत्तर तीन वाक्यांचं होतं, पण तिकिटांच्या डेटात का नाही याची दोन कारणं त्यात आली : निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण दोन्ही रुळांपासून लांब.

यातला धोका नीट ओळखा. डेटातून काही माणसं सुटली एवढ्याने बिघडत नाही. प्रत्येक डेटातून कुणीतरी सुटतं. सुटणाऱ्यांचं प्रमाण सगळीकडे आणि सगळ्या वर्षी सारखं असतं, तर एका ठरावीक आकड्याने गुणून भागलं असतं. इथे ते सारखं नाही. नवे कारखाने रुळांपासून लांब, हायवेच्या कडेला उभे राहताहेत. म्हणजे रोजगार जसजसा त्या बाजूला सरकतो तसतसं सुटणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. अशा वेळी तिकिटं कमी झाली याचा अर्थ माणसं कमी आली असाही होतो, किंवा ती वेगळ्या वाटेने आली असाही होतो. नुसत्या तिकिटांकडे बघून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. अहवालात महाराष्ट्राकडे येणाऱ्या प्रवाशांचा वाटा घटलेला दिसतो. तो वाचताना हे मनात असू द्या.

नदीचं पाणी आणि धरणाचं पाणी

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण याच्या पुढे आहे. पिंपरी-चिंचवडकरांना ती पवना नदीवरून लगेच कळेल. रावेतच्या बंधाऱ्यापाशी नदीतून पाणी किती वाहतंय हा एक आकडा, आणि पवना धरणात साठा किती आहे हा दुसरा. वाहणं कमी झालं म्हणून साठा कमी झाला असं कुणी म्हणत नाही.

तिकीट हे वाहतं पाणी आहे. जनगणनेतला स्थलांतरित हा साठा आहे. जनगणना विचारते की तुम्ही आधी कुठे राहत होता. उत्तरात दुसरं गाव आलं की तुम्ही स्थलांतरित, मग तुम्ही काल आलेले असा की चाळीस वर्षांपूर्वी.

एक उदाहरण घ्या. मंचरची मुलगी लग्न होऊन चाकणला आली. पंचवीस-तीस किलोमीटरवरून, वऱ्हाडाच्या गाडीतून. जनगणनेत ती आयुष्यभर स्थलांतरित राहते. रेल्वेच्या डेटात ती एकदाही नाही. हे उदाहरण मी मुद्दाम शोधून काढलेलं नाही, तेच बहुसंख्य आहे. २०११च्या त्या साडेपंचेचाळीस कोटींमध्ये जवळजवळ निम्म्यांनी स्थलांतराचं कारण लग्न सांगितलं होतं. काम किंवा रोजगार हे कारण सांगणारे दहा टक्क्यांच्या आसपास होते. आता चाकणच्या खोलीत राहणारा बिहारी कामगार बघा. छटला आणि होळीला गावी जाऊन येतो, वर्षाला चार तिकिटं काढतो. जनगणनेत तो एक माणूस. समजा उद्या त्याने बायको-मुलांना इथे आणलं, तर त्याच्या गावच्या फेऱ्या कमी होतील आणि तिकिटं घटतील. इथे राहणारे स्थलांतरित मात्र एकाचे चार झालेले असतील.

म्हणजे तिकिटं कमी होणं हे स्थलांतर पक्कं होत असल्याचंही लक्षण असू शकतं. तिकिटांच्या घटीवरून ४५ कोटींचा साठा घटला असं काढणं म्हणजे रावेतच्या बंधाऱ्यावर उभं राहून धरणाची पातळी सांगणं झालं.

तो शेवटचा आकडा पुन्हा बघा : ४०,२०,९०,३९६. इतक्या गृहीतकांतून आलेला अंदाज आणि शेवटी ३९६ माणसं मोजलेली. आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत असं उत्तर लिहिलं असतं तर लाल शाईत "सार्थ अंक?" असा शेरा आला असता. 'सुमारे ४० कोटी' लिहिलं की वाचणाऱ्याला तो अंदाज आहे हे दिसतं. नऊ अंकी आकडा लिहिला की कुणीतरी दारोदार जाऊन मोजल्यासारखं वाटतं, आणि बातमीत तोच जातो.

चार आकडे एका ओळीत

हा छोटा व्यायाम तुम्ही स्वतः करून बघा. स्थलांतरितांचं लोकसंख्येतलं प्रमाण वर्षवार मांडा. २००७-०८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत २८.५ टक्के. २०११च्या जनगणनेत ३७.६ टक्के. २०२०-२१च्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे श्रमबळ पाहणीत, २८.९ टक्के. २०२३चा हा नवा अंदाज २८.८८ टक्के.

सरळ रेघ ओढली तर तीन-चार वर्षांत स्थलांतर नऊ टक्क्यांनी उसळलं आणि मग तेवढंच खाली आलं, असं चित्र निघतं. असं काही झालेलं नाही. नमुना पाहण्या स्थलांतरित ठरवताना सहा महिने राहण्याची अट लावतात, जनगणना लावत नाही. पट्टीच वेगळी आहे. एकाच जातीच्या पट्टीने मोजलेले दोन आकडे शेजारी ठेवा : २८.५ आणि २८.९. तेरा वर्षांत जवळपास जैसे थे. म्हणजे 'घट' जी दिसते तिच्यातला मोठा भाग जनगणनेच्या पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारल्याने आलेला असू शकतो. २०२३चा अंदाज पाहणीच्या आकड्याशी जुळतो म्हणून तो बरोबर, असंही कुणी म्हणेल. तसं असेल तर मग तुलना पाहणीशीच करावी लागेल, आणि तसं केलं की घट नाहीशी होते.

सहा महिन्यांची ही अट आपल्या पट्ट्यात कशी वागते तेही बघा. कॉन्ट्रॅक्टवर सहा-सात महिने काम, मग 'ब्रेक', मग गावी किंवा दुसऱ्या ठेकेदाराकडे, हे इथल्या कुठल्याही ट्रेनीला विचारा. तो चाकणला सहा महिने राहिला की पाच, यावर तो पाहणीत स्थलांतरित ठरतो किंवा ठरत नाही. त्याच्या आयुष्यात मात्र या एका महिन्याने काहीही बदललेलं नसतं.

यंत्र मधेच बदललं तर?

अहवाल २०१२ आणि २०२३ या वर्षांची तिकिटं शेजारी ठेवतो. मधल्या काळात नुसती माणसं बदलली की तिकीटही बदललं? कोव्हिडनंतर रेल्वे पुन्हा सुरू झाली तेव्हा साध्या पॅसेंजर गाड्या स्पेशल आणि एक्स्प्रेस म्हणून धावू लागल्या. त्यांचं किमान भाडं १० रुपयांवरून ३० रुपये झालं. ते पुन्हा १० रुपयांवर आलं फेब्रुवारी २०२४मध्ये. म्हणजे तुलनेचं २०२३ हे वर्ष नेमकं तिप्पट भाड्यात गेलं. जवळच्या प्रवासाचे बरेच लोक तेव्हा वडाप, एसटी, मोटारसायकल यांकडे वळले असतील तर नवल नाही. ही घट रेल्वेच्या धोरणाची आहे, स्थलांतराची नाही. किती टक्के कशामुळे, हे वेगळं काढल्याशिवाय निष्कर्षाकडे जाता येत नाही.

या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. गूगलने २००८मध्ये लोकांच्या सर्चवरून फ्लूची साथ ओळखणारं 'फ्लू ट्रेंड्स' सुरू केलं. सुरुवातीला ते छान चाललं. पुढे त्याचे अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट जाऊ लागले. २०१४मध्ये डेव्हिड लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये त्याची चिकित्सा केली. त्यांचा एक मुख्य मुद्दा असा होता की गूगल आपलं सर्च सतत बदलत होतं. मोजणारं यंत्र हलत होतं आणि हललेला काटा साथीच्या नावावर जमा होत होता. २०१५मध्ये ते बंद झालं. आपल्याकडे सर्चच्या जागी तिकिटाची खिडकी आहे, एवढाच फरक.

रोमिंगचंही तसंच. दूरसंचारात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आहे. मुंबई वेगळं सर्कल, त्यात ठाणे-कल्याण-नवी मुंबई येते. लातूरचा मुलगा साडेतीनशे किलोमीटरवर चाकणला येऊन वर्षानुवर्षं राहिला तरी तो रोमिंगमध्ये नाही. पिंपरीचा सेल्समन सकाळी वाशीला जाऊन संध्याकाळी परत आला तरी तो रोमिंगमध्ये गेला. २०११च्या जनगणनेतल्या स्थलांतरितांपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त लोक आपल्या राज्यातल्या राज्यातच हलले होते. रोमिंगला ते जवळपास सगळे अदृश्य. त्यात पूर्वी रोमिंगला पैसे पडायचे म्हणून इथे आलेला माणूस इथलं सिम घ्यायचा. २०१६-१७च्या सुमारास रोमिंग फुकट झालं आणि गावचा नंबर कायम राहू लागला. पुन्हा तेच : वागणूक बदलली ती दरपत्रकामुळे.

माझी स्वतःची चूक

हे सगळं मी शहाणपणाने शिकलो असं समजू नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गूगलचे कम्युनिटी मोबिलिटी रिपोर्ट घेऊन बसलो होतो. लॉकडाऊननंतर लोक कामाच्या जागी किती परतले, जिल्हावार, रोजच्या रोज. पुण्याची रेघ बाकी औद्योगिक जिल्ह्यांपेक्षा संथ वर चढत होती. मी चार पानं लिहून गाइडना दिली : पुणे जिल्ह्यातला उद्योग उशिरा सावरला.

सरांनी वाचून एकच विचारलं, "यातली एक ओळ कोण लिहितं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुणे जिल्हा ही त्या डेटात एकच ओळ होती. घरून काम करणारं हिंजवडी आणि पहिल्या परवानगीसरशी मशीन सुरू केलेलं चाकण, दोन्हींची सरासरी होऊन ती ओळ बनत होती. शिवाय ओळ लिहिणारा होता स्मार्टफोन, तोही लोकेशन हिस्टरी चालू असलेला. आणि कित्येक कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाईल न्यायला बंदी असते, म्हणून काही जण तो खोलीवरच ठेवून जातात. फोन घरी असेल तर गूगलच्या हिशेबात माणूसही घरीच. ती चार पानं मी फाडली नाहीत, अजून ठेवलीत. त्यातला आलेख फार देखणा आहे.

एवढं ताणून धरायचं कशाला?

कारण या आकड्यांवर पुढे माणसांचं पोट ठरतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचं ही मर्यादा आजही २०११च्या लोकसंख्येवर उभी आहे. चाकण त्या वर्षी ४१ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव होतं, नगरपरिषद नंतर झाली. पिंपरी-चिंचवड तेव्हा सव्वासतरा लाखांचं होतं. २०१९च्या अखेरीपासून शहराला दिवसाआड पाणी येतंय. नेमकी किती माणसं पाणी पितात हा तिथे पुस्तकी प्रश्न नाही. स्थलांतर घटतंय असा सरकारी शिक्क्याचा अंदाज हातात आला की भाड्याच्या खोल्या, रेशन, शाळा, दवाखाने यांच्यासाठी तरतूद न करायला एक सोयीचं कारण मिळतं.

२०२०मध्ये याची किंमत आपण पाहिली. १ मेपासून श्रमिक स्पेशल गाड्या सुटल्या, त्यांतून ६३ लाखांवर लोक गेले. त्याआधी कितीतरी जण चालत निघाले होते. त्याच वर्षी सरकारने संसदेत सांगितलेला आकडा एक कोटी चार लाख परतलेल्यांचा होता. त्या प्रवासात किती कामगार दगावले याची नोंद मात्र नसल्याचं उत्तर आलं. ज्याची ओळच कुठे जन्मली नाही त्याला टेबलात शोधून काय मिळणार?

मग ठेवायचं काय?

मी हा अहवाल असा वाचतो : हंगाम आणि दिशा ठेवा, साठा आणि कारण सोडा. उन्हाळ्यात वर्दळ वाढते, कुठल्या जिल्ह्यांच्या जोडीत ती जास्त आहे, हे तिकिटं प्रामाणिकपणे सांगतात, निदान रुळांवरच्या जिल्ह्यांपुरतं. देशात स्थलांतरित एकूण किती, हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. आणि 'घट झाली, कारण गावाकडे विकास झाला' हे तर आणखी एक पायरी पुढचं, ज्याचा पुरावा तिकिटात असूच शकत नाही. गावात काम मिळालं म्हणून माणूस निघाला नाही, की शहरात काम मिळेना म्हणून निघाला नाही? न काढलेल्या तिकिटावर यातलं काही लिहिलेलं नसतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी यातून पाच प्रश्न उचला. मोठा डेटा हातात आला की मॉडेल लावायच्या आधी प्रत्येकाचं उत्तर लिहून काढा.

१. एक ओळ म्हणजे नेमकं काय : माणूस, फेरी, फोन, की व्यवहार?

२. ती ओळ लिहिली जाण्यासाठी माणसाला काय करावं लागतं, आणि ते न करणारे कोण?

३. न करणाऱ्यांचं प्रमाण वर्षागणिक किंवा ठिकाणागणिक बदलतंय का?

४. मधल्या काळात भाडं, नियम, ॲप, सर्कल, व्याख्या यांतलं काय बदललं?

५. मला हवी ती गोष्ट साठा आहे की प्रवाह, आणि डेटा त्यातला कुठला?

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लॅपटॉपवर मिळत नाही. त्यासाठी ओळ जिथे जन्मते तिथे जाऊन उभं राहावं लागतं. स्टेशनच्या खिडकीवर एक सकाळ, नाशिक फाट्यावर एक पहाट, चाकणच्या एखाद्या खोलीमालकाशी चहावर तासभर गप्पा. याला तुमच्या थिसिसमध्ये वेगळं प्रकरण मिळणार नाही, बहुतेक एक परिच्छेदच मिळेल. पण व्हायव्हात पहिला प्रश्न त्याच परिच्छेदावर येतो, हे मी दोन-तीन सीनियर्सच्या व्हायव्हाला मागे बसून पाहिलंय.

तर अहवाल डाउनलोड करा, एका बैठकीत वाचा, आणि समासात पेन्सिलने तुमच्या तालुक्याचं नाव लिहा. तुमच्या गावाहून शहरात आलेली पाच माणसं आठवा : कोण कशाने आलं, सिम कुठलं वापरतं, लग्न होऊन आलं की कामाला? यातली किती या अहवालात दिसतात ते मोजा. तुमच्या संशोधनाचा विषय मला वाटतं तिथेच कुठेतरी सापडेल.